राजगिऱ्याच्या कुकीज एकदा विटा, एकदा भुगा: असं का होतं?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगा सहा वर्षांचा. तपासणीत गव्हाची ॲलर्जी निघाली, शेंगदाणा आणि काजू-बदाम बंद, अंडं आणि दूधही चालत नाही. पोटाचा त्रास थांबेना म्हणून डॉक्टरांनी सध्या सहा आठवडे सगळीच धान्यं थांबवायला सांगितली आहेत. शाळेत मधल्या सुट्टीत बाकीची मुलं बिस्किटं काढतात आणि हा डबा झाकून बसतो. म्हणून त्यांनी राजगिऱ्याच्या पिठाच्या कुकीज दोनदा करून पाहिल्या. पहिल्या खेपेला विटा झाल्या, दुसऱ्या खेपेला डब्यात नुसता भुगा. “माझं नेमकं काय चुकतंय?” असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, तुमचा हात चांगलाच आहे, फक्त तो गव्हाला सरावलेला आहे. गेली 11 वर्षं मी पुण्यात घरूनच अशा मुलांसाठी कुकीज करते. शिकायला येणाऱ्या बायकांमध्ये ज्या पोळ्या-करंज्या उत्तम करतात, त्यांनाच सुरुवातीला हे जड जातं, कारण गव्हाच्या पिठाशी वागायच्या सवयी त्यांच्या बोटांत भिनलेल्या असतात.

आधी भुग्याचं बघू. शंकरपाळी, करंजी, चिरोटे करताना आपण कडकडीत मोहन घालतो. ते पिठाच्या कणांभोवती बसतं, गव्हातल्या प्रथिनांपर्यंत पाणी नीट पोचू देत नाही, त्यामुळे ग्लुटेनचे, म्हणजे कणीक ताणून धरणाऱ्या प्रथिनाचे, धागे आखूड राहतात आणि पदार्थ खुसखुशीत होतो. म्हणजे मोहनाचं काम ग्लुटेनला आवरण्याचं. राजगिऱ्यात ग्लुटेन नाहीच. आवरायला काही नसताना सढळ हाताने तेल घातलं की कण एकमेकांना धरत नाहीत. वर अंडं नाही आणि त्याच्या जागी दुसरं काही बांधणारं घातलेलं नाही. अशी कुकी ट्रेमधून उचलेपर्यंत टिकते आणि डब्यात हलली की मोडते.

विटांचं कारण उलट आहे. पीठ सैल वाटलं की वरून मूठभर पीठ भुरभुरायचं, ही पोळीची सवय. राजगिरा आणि शिंगाडा पाणी सावकाश पितात. कालवल्याबरोबर जे चिकट आणि सैल दिसतं, तेच 25-30 मिनिटांनी आपोआप घट्ट होतं. तुम्ही धीर न धरता पीठ वाढवलंत, मग मळलंतही असणार. पुढे ओव्हनमधून काढताना कुकी मऊ लागली म्हणून “अजून पाच मिनिटं” ठेवली असणार. गरम कुकी मऊच लागते, कारण गूळ वितळलेला असतो आणि तेल पातळ असतं. ती घट्ट होते निवताना. ट्रेमध्येच कडक झालेली कुकी निवल्यावर दगड होणार.

एक गोष्ट मनात पक्की धरा: पावाला ग्लुटेन लागतं, कारण त्याला हवा कोंडून धरायची असते. कुकीला ते काम नाही. ती उभी राहते स्निग्ध पदार्थ, साखर किंवा गूळ आणि स्टार्च यांच्यावर. म्हणून धान्याविना पाव करणं अवघड आणि कुकी करणं तुमच्या आवाक्यातलं आहे. तुम्ही सोपाच पदार्थ निवडला आहे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी मात्र मध्येच एक सांगते. मुलाला फक्त गहू बाधत असेल किंवा सीलिॲक (ग्लुटेनने आतड्याला इजा होण्याचा आजार) असेल तर सगळी धान्यं सोडायची काहीच गरज नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी यांत ग्लुटेन नाही, फक्त त्यांत गव्हाची भेसळ झालेली नसावी. वाढत्या मुलाच्या ताटातून कारण नसताना धान्यं काढू नका. इथे डॉक्टरांनी ठरावीक मुदतीसाठी सांगितलं आहे, म्हणून हा खटाटोप.

आता पिठं. आपल्याकडे उपवासाच्या डब्यांत धान्याशिवायची पिठं पिढ्यान्‌पिढ्या आहेत: राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, तवकीर (म्हणजे आरारूट). बाहेरून महागडं बदामाचं पीठ आणायची गरज नाही, तुमच्या घरी तर ते चालणारही नाही. पण उपवासाला चालतं म्हणजे ते धान्य नाही, असं समजू नका. वरई, म्हणजे भगर, हे सरळसरळ धान्य आहे, ज्वारी-बाजरीसारखं गवताच्या कुळातलं. आणि उपवासाच्या तयार भाजणीत बहुतेक वेळा वरई असतेच. तुमच्या मुलाला सध्या ती चालणार नाही. राजगिरा मात्र माठ-चवळईच्या कुळातल्या झाडाचं बी आहे. तरी डॉक्टरांच्या “सगळी धान्यं बंद” यात तो आणि कुट्टू (बकव्हीट) येतात का, हे त्यांना स्पष्ट विचारून घ्या, कारण काही जण दाणा म्हणून दोन्ही वगळायला सांगतात. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, तमिळनाडूत सेलमच्या बाजूला मोठ्या प्रमाणावर होतो. शिंगाडा तळ्यात वाढणाऱ्या वेलीचं फळ आहे. त्याच्या इंग्रजी नावात चेस्टनट आहे म्हणून आया घाबरतात, पण काजू-बदामाशी त्याचा संबंध नाही.

नुसत्या राजगिऱ्याची कुकी मी कधी करत नाही. एकटा वापरला की आतून गिचका होतो आणि मातीसारखा वास मागे राहतो. शिंगाडा एकटा वापरला तर कुकी कोरडी, घशाला बसणारी होते. स्टार्च एकटा घातला तर वरून काचेसारखी आणि आतून चिवट. म्हणून तिघांची जोडणी लागते: अंगाला राजगिरा, कुरकुरीतपणाला शिंगाडा, धरून ठेवायला तवकीर किंवा टॅपिओका स्टार्च. चौथं काहीतरी स्निग्ध बियांचं हवं, म्हणजे चव भरते. तुमच्याकडे सुकामेवा बंद आहे, तर मगजबी (खरबूज-कलिंगडाच्या सोललेल्या बिया) घ्या. तिला स्वतःची चव फारशी नसते आणि रंग पांढरा असतो. मात्र सुटी घेऊ नका. किराणा दुकानात मगज आणि काजूतुकडा शेजारी असतो आणि डाव एकच असतो.

पाककृतीच्या आधी स्वयंपाकघराकडे वळू, कारण ॲलर्जीच्या घरात धोका पाककृतीपेक्षा भांड्यांत जास्त असतो. मिक्सरचं भांडं उलटं करून पातं उघडा आणि त्याच्या खालचं रबराचं वायसर काढा. मराठी घरात त्या खाचेत शेंगदाण्याच्या कुटाचा तपकिरी, तेलकट थर सापडतोच. माझ्याकडूनच हे एकदा झालं आहे. बहिणीच्या मुलासाठी कुकीज करताना भांडं घासून घेतलं होतं, पण वायसर काढलं नव्हतं. अर्धी कुकी खाल्ली आणि दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या. वेळेत दवाखान्यात पोचलो म्हणून निभावलं. त्या रात्री मी नवं भांडं मागवलं, झाकणावर लाल पट्टी लावली, आणि आजतागायत त्यात कूट फिरलेलं नाही. तुम्हीही मुलासाठी एक भांडं, एक चाळणी, एक लाकडी नसलेला उलथना आणि एक ट्रे वेगळा काढा. पोळपाट-लाटणं वापरूच नका. लाकडाच्या रेषांत कणीक बसते आणि ती कितीही धुतली तरी पूर्ण निघत नाही. ओटा साबणाच्या पाण्याने पुसा. सॅनिटायझरने जंतू मरतात, ॲलर्जी देणारी प्रथिनं तिथेच राहतात. आणि भाजल्यावर सगळं जळून जातं, हा समजही काढून टाका. ओव्हनच्या आचेने ग्लुटेन नाहीसं होत नाही.

गिरणीचंही तसंच. आपल्या गिरणीत सकाळी गहू दळला जातो आणि त्याच जात्यावर दुपारी बेसन, राजगिरा. पहिले दोन किलो पीठ आधीच्या गव्हाचं अंग घेऊन येतं. म्हणून राजगिरा निवडून घरीच मिक्सरवर दळा आणि बारीक चाळा. शिंगाड्याचे वाळलेले गर मिळाले तर तेही, पण ते फार टणक असतात, आधी फोडून घ्यावे लागतात. ते जमत नसेल तर पाकीटबंद पीठ घ्या आणि वेष्टनावरचं बारीक अक्षर वाचा.

वाचताना कुठे फसगत होते, तेही सांगते. बाजारच्या बेकिंग पावडरमध्ये बहुधा मक्याचा स्टार्च असतो आणि मका धान्य आहे. तयार पिठीसाखरेतही तो घातलेला असू शकतो. सुटं आरारूट म्हणून जे मिळतं, ते काही वेळा मक्याचंच असतं. आरारूटची बिस्किटं नावाने फसवतात, कारण त्यांत मुख्य घटक मैदा असतो. खाऱ्या जिरा-ओवा कुकीज करणार असाल तर हिंग बघा. आपला बांधणीचा हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो. चिरलेले खजूर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कधी कधी पिठात घोळवलेले असतात, तेव्हा अख्खे घेऊन घरी बिया काढा. आणि तूप. “तुपात दूध कुठे असतं?” हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. दुधातली साखर पचत नसेल तर तूप बऱ्याच जणांना चालतं, पण दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर तुपात राहिलेला अंशही पुरेसा होतो. तुमच्या मुलाला तूप नको. खाण्याचं खोबरेल वापरा.

आता माप. वाटी-चमच्याने करू नका, 300-400 रुपयांचा साधा वजनकाटा घ्या. राजगिऱ्याची एक वाटी सैल भरली की दाबून भरली यात 20-25 ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि तेवढ्यात कुकी बिघडते. साधारण 20 कुकींसाठी: राजगिरा पीठ 100 ग्रॅम, शिंगाडा पीठ 50, तवकीर किंवा टॅपिओका स्टार्च 40, मगजबी 50, गुळाची पावडर 90, खोबरेल 80, जवसाची पूड 10 ग्रॅम आणि 40 मिलि गरम पाणी, खाण्याचा सोडा पाव चहाचा चमचा, लिंबाचा रस एक चमचा, चिमूट मीठ, वेलची आणि थोडी सुंठ.

जवसाची पूड गरम पाण्यात कालवून 10 मिनिटं ठेवा. बोटांत धरून ओढली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली पाहिजे. तुमच्या भुग्यात हीच तार नव्हती. राजगिरा पीठ कढईत मंद आचेवर 5-6 मिनिटं कोरडंच भाजा. मातकट वास जाऊन लाह्यांसारखा वास आला की उतरवा आणि पूर्ण निवू द्या. मगजबी एकटी फिरवली तर तेल सुटून लगदा होतो. त्यातच स्टार्च घाला आणि मिक्सर थांबत थांबत फिरवा, म्हणजे कोरडी पूड मिळते. गूळ चाळून घ्या. वाटाण्याएवढा खडा राहिला तरी तो ओव्हनमध्ये वितळून कुकीला काळा खड्डा पाडतो. गूळ फार पिवळाधमक नको. गुळाला तो रंग यावा म्हणून सल्फाइटयुक्त पावडर वापरली जाते आणि दम्याच्या काही मुलांना सल्फाइट बाधतं. तपकिरी गूळ दिसायला साधा असतो, कुकीला मात्र रंग आणि चव छान देतो.

सगळं कोरडं एकत्र करा, मधे आळं करून खोबरेल, जवसाचा गर आणि लिंबाचा रस घाला आणि बोटांच्या टोकांनी फक्त गोळा होईपर्यंत आणा. मळू नका. मळून या पिठात काही तयार होत नाही, नुसतं तेल सुटतं. झाकून फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवा. खोबरेल साधारण 24 अंशांना वितळतं. पुण्यात एप्रिलमध्ये ओट्यावर ते पाण्यासारखं असतं, तेव्हा हा अर्धा तास टाळला तर कुकी ट्रेवर पसरून जाळी होते.

बाहेर काढल्यावर मुटका करून बघा. मूठ आवळल्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उठले आणि अंगठ्याने दाबल्यावर कडेला बारीक चिरा पडल्या, तर पीठ बरोबर आहे. चिरा मोठ्या असतील तर एक चमचा पाणी शिंपडा. चिराच पडत नाहीत आणि हाताला चिकटतं, तर पुन्हा दहा मिनिटं फ्रिजमध्ये. पीठ मात्र वाढवू नका. 22-23 ग्रॅमचे गोळे करून कागद घातलेल्या ट्रेवर चपटे करा, जाडी आठ मिलिमीटरच्या आसपास. जाड केल्यात तर मधे आच पोचेपर्यंत कडा करपतात.

ओटीजी 160 अंशांवर 10-12 मिनिटं तापवा, मधल्या खणात ट्रे ठेवा, 14 ते 16 मिनिटं. मैद्याच्या कुकीसाठी लिहिलेलं 180 तापमान इथे चालत नाही. राजगिऱ्याच्या प्रथिनांत लायसीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. ते गोडाबरोबर लवकर तांबूस होतं, आणि गूळ असताना आणखीच लवकर. म्हणून रंगावर विसंबू नका, कडेवर विसंबा: कड बोटाला घट्ट लागते आणि मध्यभाग अजून दबतो, त्या वेळी काढा. घरगुती ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यात फरक असतोच, तेव्हा आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्या. नंतर ट्रेला हात न लावता 15 मिनिटं थांबा. हे 15 मिनिटं भाजण्याचाच भाग आहेत. स्टार्च बसतो, गूळ आळतो, तेल गोठायला लागतं. तुमच्या दुसऱ्या खेपेच्या कुकीज बहुधा यातच मोडल्या.

मगजबीऐवजी सूर्यफुलाच्या बिया घातल्यात तर दुसऱ्या दिवशी कुकी आतून हिरवी निघेल. घाबरून टाकू नका, बुरशी नाही. सूर्यफुलातलं क्लोरोजेनिक आम्ल सोड्याच्या संगतीत हिरवं होतं. खायला काही अपाय नाही, पण मुलं तोंड फिरवतात. सोडा निम्मा करा, लिंबू अर्धा चमचा वाढवा. तीळ मात्र विचार करून वापरा. त्याचीही ॲलर्जी असते, आणि आपल्याकडच्या वेष्टनावर ॲलर्जीसाठी सक्तीने लिहायच्या यादीत तीळ नाही. ग्लुटेनची धान्यं, दूध, अंडी, मासे, कवचाचे जलचर, शेंगदाणा-सुकामेवा, सोया आणि सल्फाइट एवढंच आहे. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला. तिकडे राहणाऱ्या कुणी पाकीट पाठवलं तर हा फरक लक्षात असू द्या. तिकडच्या जुन्या वेष्टनांवर नारळ सुकामेव्यात धरलेला दिसेल. 2025 मध्ये त्यांनी तो त्या यादीतून काढला. नारळाची खरी ॲलर्जी असते, पण क्वचित, आणि ती काजू-बदामाच्या ॲलर्जीपेक्षा वेगळी.

नारळाचा विषय निघालाच आहे, तर कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांत नारळाचं दूध काढून उरलेला चोथा टाकला जातो, तो वाया घालवू नका. ओटीजीत 90-100 अंशांवर तासभर वाळवून दळला की नारळाचं पीठ तयार. पण ते स्पंजासारखं पाणी ओढतं. या मापात शिंगाड्यातले 15 ग्रॅम काढून तेवढंच घाला आणि एक चमचा पाणी जास्त. त्याहून जास्त घातलंत की तुमचा भुगा परत आला.

पहिल्यांदा देताना मुलाच्या आधीच्या त्रासाचा इतिहास डॉक्टरांना सांगून विचारा, कुठलं नवीन पीठ घरी द्यायचं आणि कुठलं दवाखान्यात. घरी द्यायचं ठरलं तर दिवसा द्या, एका वेळी एकच नवा घटक, आणि पुढचे दोन तास नजरेसमोर ठेवा. राजगिरा, शिंगाडा, जवस, मगज चारही एकदम पहिल्यांदा दिलेत आणि पुरळ उठली, तर कशाने उठली हे कळणार नाही. श्वासाला त्रास, ओठ-जीभ सुजणं, वारंवार उलटी, अंग गळून जाणं, यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत न बसता तडक दवाखाना गाठा. शाळेत बाईंना लेखी द्या आणि मुलाला शिकवा की डबा वाटून खायचा नाही. त्याच्या कुकीज दुसऱ्यांना द्यायला हरकत नाही, दुसऱ्याच्या घ्यायच्या मात्र नाहीत. मी अशा मुलांच्या आयांना डब्यात नेहमी तीन-चार जास्तच भरायला सांगते. मित्रांना द्यायला मिळालं की मूल डबा झाकून बसत नाही.

टिकायचं म्हटलं तर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात दहा दिवस, पावसाळ्यात पाच. गुळाच्या कुकीज ओल ओढून लवकर सादळतात. सादळल्या तर 120 अंशांवर 6-7 मिनिटं ठेवून ट्रेमध्येच निवू द्या, परत कुरकुरीत होतात. राजगिऱ्याच्या पिठात तेल असल्याने ते ठेवून ठेवून खवट होतं, म्हणून पीठ एका वेळी दोन आठवड्यांपुरतंच दळा. सोयीचं म्हणजे कच्च्या पिठाची लांबट वळी कागदात गुंडाळून फ्रीझरला ठेवा. महिनाभर राहते. सकाळी चार चकत्या कापून ओव्हनला लावल्या तर पोराची आंघोळ-दप्तर होईपर्यंत डबा तयार.

आणि परवाचा तो भुगा अजून डब्यात असेल तर टाकू नका. बिया काढलेले खजूर गरम पाण्यात भिजवून वाटा, त्यात भुगा आणि चमचाभर खोबरेल घालून लाडू वळा. तासभर फ्रिजमध्ये ठेवले की घट्ट होतात.